विश्लेषण : कोडिंगच्या लॅपटॉपसाठी पहिले लिनक्स कोणते निवडावे?

विंडोज १०चा आधार संपल्यापासून हजारो धडधाकट लॅपटॉप 'जुने' ठरले आहेत. त्यातले बरेचसे इंजिनीअरिंग, डिप्लोमा आणि बीसीएच्या विद्यार्थ्यांकडे आहेत. लिनक्स हा मोफत पर्याय आहे, पण त्याचे प्रकार इतके की नवखा माणूस तिथेच अडतो. कोणते घ्यावे, कोणते टाळावे आणि लॅपटॉपला हात लावण्याआधी काय तपासावे?

हा प्रश्न आत्ता का?

माझी मावसबहीण संगणक शाखेच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर एकच सूचना सारखी झळकत होती : या संगणकावर विंडोज ११ चालणार नाही. लॅपटॉप तिच्या दादाने वापरून दिलेला. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, बॅटरी जेमतेम दीड तास. बाकी सगळे ठीक. दुकानदाराने 'नवीनच घ्या' सांगितले आणि मावशीने माझ्याकडे पाहिले.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला नाही, पडणारही नाही. पण नव्या सुरक्षा त्रुटींवरची दुरुस्ती आता आपोआप येत नाही. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे बहिणीचा लॅपटॉप एका पिढीने हुकला. एका पिढीसाठी चाळीस-पन्नास हजार खर्च करायचे का, एवढाच मावशीचा प्रश्न होता.

लिनक्सचे इतके प्रकार कशासाठी?

फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१मध्ये लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्यातला मूळ दुवा, लिहायला घेतला. तो कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो. त्या कर्नलवर पडदा, मेनू, ब्राउझर, अपडेटची सोय असे सगळे बसवून जी तयार प्रणाली मिळते तिला डिस्ट्रिब्युशन, बोलीभाषेत 'डिस्ट्रो' म्हणतात. मटकीची उसळ एकच, पण कोल्हापूरचा कट वेगळा आणि पुण्याचा वेगळा, तसे हे. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सशिवाय दुसरे काही नाही. त्यामुळे 'हे टिकेल का' ही शंका बाजूला ठेवा. केरळच्या सरकारी शाळांतली मुले उबुंटूवर आधारित प्रणालीवर संगणक शिकतात, आणि आपल्याकडच्या सी-डॅकनेही डेबियनवर आधारित 'बॉस' लिनक्स बनवले आहे.

निवडताना नेमके काय पाहायचे?

यूट्यूबवर जी तुलना चालते ती बहुधा दिसण्यावरून चालते : कोणाचा डॉक छान, कोणाचे अॅनिमेशन गुळगुळीत. ते आठवडाभरात बदलता येते. नवख्याने पाहायची गोष्ट वेगळी आहे. रात्री साडेअकराला वाय-फाय गेले, उद्या सबमिशन आहे, पडद्यावर इंग्रजीत लांबलचक एरर आहे. ती ओळ शोधली तर तुमच्याच प्रणालीसाठी लिहिलेले उत्तर सापडते का?

इथे उबुंटूचे कुटुंब बरेच पुढे आहे. डॉकर, नोड, पोस्टग्रेस असे काहीही बसवायला जा, सूचनांच्या यादीत उबुंटू किंवा डेबियन जवळपास नेहमी असते. रोबोटिक्सच्या विद्यार्थ्यांना लागणारे आरओएस २ तर मुख्यतः उबुंटूच्या ठरावीक आवृत्त्यांसाठीच तयार होते. दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे आधार किती वर्षे. उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये 'एलटीएस', म्हणजे दीर्घकाळ आधाराची आवृत्ती येते. २०२४च्या एप्रिलमधली ती २४.०४. तिला पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. डिप्लोमा तीन वर्षांचा, इंजिनीअरिंग चार वर्षांचे. एकदा बसवले की पदवी हातात येईपर्यंत पुन्हा बसवायची वेळ येऊ नये, हा हिशेब साधा आहे.

तिसरी गोष्ट अगदी घरगुती : वर्गात किंवा हॉस्टेलवर कोणी काय वापरते? चांगल्या डिस्ट्रोपेक्षा शेजारच्या खोलीतला मदत करणारा मित्र जास्त कामाला येतो.

मग मिंट की उबुंटू?

माझे उत्तर असे आहे : लॅपटॉप पाच-सहा वर्षांहून जुना असेल आणि आजवर फक्त विंडोज वापरले असेल, तर लिनक्स मिंट. लॅपटॉप त्यापेक्षा नवा असेल किंवा कॉलेज, क्लास, इंटर्नशिप अशा ठिकाणी उबुंटूच असेल, तर उबुंटू एलटीएस. या दोन्हींत चुकीची निवड अशी नाहीच, कारण मिंट स्वतः उबुंटू एलटीएसवरच उभे आहे. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४वर आधारित आहे आणि तिला २०२९पर्यंत आधार आहे.

मिंटची 'सिनॅमन' आवृत्ती उघडली की विंडोज वापरलेल्याचा हात आपोआप योग्य जागी जातो. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या कोपऱ्यात, खिडक्या खालच्या पट्टीवर. किमान २ जीबी रॅम पुरते असे मिंट सांगते, पण सोयीने काम करायला ४ जीबी हवी असेही तेच सांगते. ४ जीबीचा लॅपटॉप असेल तर 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्या. मात्र व्हीएस कोड आणि ब्राउझरचे दहा टॅब एकत्र उघडल्यावर ४ जीबीत कोणतेच लिनक्स जादू करत नाही. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. त्या एका बदलाने जो फरक पडतो तो कोणत्याही डिस्ट्रोने पडत नाही.

मिंटमधली मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट म्हणजे 'टाइमशिफ्ट'. प्रणालीची आजची स्थिती ती जपून ठेवते. उद्या काही बिघडवले तर कालच्या स्थितीत परत जाता येते. शिकणारा माणूस बिघडवणारच. उबुंटूतही ती बसवता येते, मिंटमध्ये आधीपासून असते.

मिंटची एक खोच सांगायला हवी, कारण तिने मला एक संध्याकाळ खायला लावली. उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीला टोपणनाव असते, २४.०४चे 'नोबल'. मिंटची स्वतःची नावे वेगळी : विल्मा, शिया, झारा. बाहेरचे सॉफ्टवेअर बसवण्याच्या काही सूचना तुमच्या प्रणालीचे टोपणनाव आपोआप वाचतात आणि 'विल्मा'साठीचे पॅकेज शोधू लागतात, जे अस्तित्वातच नसते. तिथे उबुंटूचे नाव द्यायचे. हे एकदा कळले की पुढे त्रास नाही.

उबुंटूची बाजू अशी की ते नव्या यंत्रांवर जास्त तपासले जाते आणि नोकरीत ज्या सर्व्हरशी गाठ पडेल त्यावर ते असण्याची शक्यता मोठी आहे. २४.०४साठी किमान ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा लागते. त्याचा पडदा थोडा मोबाइलसारखा आहे, दोन दिवस चुकल्यासारखे होते. फायरफॉक्ससारखी काही अॅप 'स्नॅप' या बंदिस्त पद्धतीने येतात. जुन्या यंत्रावर ती पहिल्यांदा उघडताना रेंगाळतात. मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवले आहे. यावर इंटरनेटवर भांडणे भरपूर आहेत. नवख्याने त्यात पडू नये.

फेडोरा, डेबियन, काली, आर्च?

फेडोरा उत्तम आहे, टोरवाल्ड्स स्वतः ते वापरतात. पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि प्रत्येकीला साधारण १३ महिने आधार, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठे अपग्रेड करावेच लागते. लॅपटॉप अगदी ताजा असेल आणि उबुंटूवर त्याचे वाय-फाय किंवा आवाज चालत नसेल तर फेडोरा जरूर करून पाहा. डेबियन १९९३पासूनचे, उबुंटूचेही मूळ. स्थिर, पण पहिल्या दिवशी फारसे हात धरून नेत नाही. आर्च दुसऱ्या वर्षी पाहा.

कालीबद्दल मात्र थोडे बोलावे लागेल. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर एका सीनियरने सांगितले की खरे लिनक्स म्हणजे काली, हॅकर तेच वापरतात. मी रात्री दोन वाजता बसवायला घेतले. 'संपूर्ण डिस्क वापरा' या पर्यायावर एंटर मारले. माझी समजूत अशी की विंडोज सी ड्राइव्हमध्ये आहे, तेवढेच जाईल. माझे सगळे डी ड्राइव्हमध्ये सुरक्षित आहे. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत, हे मला सकाळी कळले. दोन विषयांचे प्रोग्रॅम, अर्धा प्रकल्प अहवाल आणि ताईच्या लग्नाचे फोटो गेले. फोटो अजून सापडलेले नाहीत, आणि ताई अजून तो विषय काढते.

काली वाईट नाही. ती सुरक्षा चाचणी करणाऱ्यांसाठीची खास अवजारपेटी आहे, आणि लिनक्सची ओळख नसलेल्यांनी किंवा रोजच्या साध्या कामासाठी ती वापरू नये असे तिचे निर्मातेच सांगतात. त्यातली बहुतेक अवजारे पुढे उबुंटूवरही बसवता येतात.

लिनक्सवर काय चालणार नाही?

हे आधी वाचा, डिस्ट्रो नंतर निवडा. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्ससाठी येत नाहीत. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी विंडोज काढू नये. मॅटलॅब आणि अँड्रॉइड स्टुडिओ चालतात. व्हीएस कोड चालते, पण जांभळ्या चिन्हाचे पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ नाही. एमएस ऑफिस नाही. लिबरऑफिस आहे, पण वर्डमध्ये बांधलेला अहवाल त्यात उघडला की तक्ते आणि समास थोडे सरकतात. शेवटची प्रत पीडीएफ करूनच द्या.

सर्वांत गंभीर मुद्दा ऑनलाइन परीक्षांचा. कॅम्पस प्लेसमेंट आणि काही विद्यापीठांच्या चाचण्यांत पडदा बंदिस्त करणारे ब्राउझर लागतात आणि त्यातले बरेचसे फक्त विंडोज व मॅकसाठी असतात. उदाहरणार्थ सेफ एक्झाम ब्राउझरची लिनक्स आवृत्ती नाही. परीक्षेच्या सकाळी हे कळणे परवडणारे नाही. अंतिम वर्षाला असाल आणि लॅपटॉप एकच असेल तर विंडोज ठेवा आणि शेजारी लिनक्स बसवा.

मराठीचे काय, हा प्रश्न हमखास येतो. युनिकोड मराठी व्यवस्थित दिसते आणि लिहिताही येते; भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसार टंकलेखन जोडायचे. विंडोजसाठी बनलेली, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टची सॉफ्टवेअर मात्र इथे मिळणार नाहीत.

आणि टर्बो सी? ते निळे पडदे आजही अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये आहेत. तिथे लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सच्या जीसीसीला दिला की पहिल्याच ओळीत 'कोनिओ डॉट एच' सापडत नाही म्हणून थांबतो. क्लिअर-स्क्रीन, गेट-सीएच या आज्ञा डॉसच्या काळातल्या आहेत. त्या काढल्या की प्रोग्रॅम बहुधा चालतो. सी++मध्ये 'व्हॉइड मेन'ऐवजी 'इंट मेन' लिहावेच लागते. पुढे नोकरीत हेच लागणार असल्याने ही सवय बरी. तोंडी परीक्षेला सरांना निळा पडदाच हवा असेल तर लिनक्सवर डॉसबॉक्स बसवा, त्यात टर्बो सी निमूट चालते.

बसवण्याआधी काय करायचे?

पेनड्राइव्हवरून न बसवता चालवून पाहायचे. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, मिंट किंवा उबुंटूच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेली आयएसओ फाइल आणि ती पेनड्राइव्हवर उतरवायला रूफस किंवा एचर. अधिकृत संकेतस्थळ एवढ्यासाठी की टेलिग्रामवर फिरणाऱ्या फायलींची खात्री नाही. खरे तर फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटचे संकेतस्थळच हॅक होऊन काही काळ बाधित फाइल वाटली गेली होती. म्हणून डाउनलोड झाल्यावर फाइलची 'चेकसम' संख्या संकेतस्थळावरच्या संख्येशी जुळवून पाहा. दोन मिनिटांचे काम आहे.

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की लिनक्स डिस्कला न शिवता चालते. अर्धा तास द्या. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, कॅमेरा, ब्लूटूथ, प्रोजेक्टरची जोडणी. मग झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा. लॅपटॉप जागा झाला नाही तर ते रोजचे दुखणे ठरेल. अशा वेळी दुसरी डिस्ट्रो तपासा. वाय-फाय दिसत नसेल तर घाबरू नका. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, लिनक्स ते बहुतेक वेळा लगेच ओळखते आणि त्यावरून ड्रायव्हर उतरवता येतो.

विंडोज ठेवायचे असेल तर आणखी चार गोष्टी. पहिली, महत्त्वाच्या फायलींची प्रत लॅपटॉपच्या बाहेर. डी ड्राइव्ह म्हणजे बाहेर नव्हे, हे वर सांगितलेच. दुसरी, अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकरने डिस्क आधीच कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. लिनक्स बसवताना सुरुवातीच्या सेटिंग बदलल्या की विंडोज ती मागू शकते, आणि नसेल तर आतले काहीच उघडत नाही. लॅपटॉप दुकानातल्या माणसाने स्वतःच्या ईमेलवर सुरू करून दिला असेल तर की त्याच्या खात्यात असू शकते. ते आजच विचारा. तिसरी, विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्समधून त्या फायलींवर लिहिता येत नाही. चौथी, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून किमान ५०-६० जीबी जागा मोकळी करा. मग बसवताना 'इरेज डिस्क' नाही, 'विंडोजच्या शेजारी' हा पर्याय निवडायचा.

लिनक्सला तुमची डिस्कच दिसली नाही, तर बहुधा इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी ही सोय चालू असते. बायोसमध्ये ती तशीच बंद केली तर विंडोज उघडणार नाही, आधी विंडोजमध्ये तयारी करावी लागते. इथे जाणकाराला सोबत घ्या.

एक गंमत पुढे नक्की होईल : लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लॅपटॉप बिघडलेला नाही. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्समध्ये एका ओळीच्या आज्ञेने ते जुळते.

पहिल्या दिवशी काय बसवायचे?

आधी सगळी अपडेट. मग टर्मिनलमध्ये 'सुडो एप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल'. सी आणि सी++चे कंपायलर एका ओळीत येतात. पासवर्ड टाइप करताना काही डिस्ट्रोंत पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. कळफलक बिघडला असे वाटते. टाइप करून एंटर मारा. नंतर गिट, व्हीएस कोड. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल तर मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आणि उबुंटूत 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, शिफारस केलेला निवडा. इंटरनेटवरून वेगळी फाइल आणून बसवू नका.

पायथॉन आधीच असते, आणि तिथेच नवखे फसतात. पिपने काही बसवायला गेलात की प्रणाली नकार देते आणि खाली 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' असा एक पर्यायही सुचवते. नाव वाचा आणि तो वापरू नका. लिनक्सची स्वतःची काही अवजारे त्याच पायथॉनवर चालतात. प्रत्येक प्रकल्पासाठी 'व्हेन्व्ह'ने वेगळे वातावरण बनवायचे.

विंडोज ११ चालतेच आहे, तर?

मग लॅपटॉप फोडाफोडी करण्याची घाई नको. विंडोजमध्येच 'डब्ल्यूएसएल' नावाची सोय आहे. प्रशासक म्हणून टर्मिनल उघडून एक आज्ञा दिली की आतमध्ये उबुंटू मिळते. टर्मिनल, जीसीसी, गिट, पायथॉन सगळे शिकता येते आणि ऑटोकॅड व परीक्षेचा ब्राउझरही राहतो. ८ जीबी रॅमवर दोन्ही मिळून थोडे जड होते, १६वर नाही.

बहिणीच्या लॅपटॉपवर आम्ही मिंट सिनॅमन बसवले. विंडोज काढले नाही. तिच्या कॉलेजच्या चाचण्या अजून त्यावरच होतात, तेवढ्यापुरते उघडायचे असे ठरले. बसवायला चाळीस मिनिटे लागली, त्याआधी फोटोंची प्रत घ्यायला दोन तास. ताईच्या लग्नाचे फोटो मावशीच्या संगणकावर असतील अशी मला उगाच आशा होती. नव्हते. बहिणीने पहिल्याच आठवड्यात टर्मिनलमध्ये काहीतरी करून मेनूची पट्टी घालवली, टाइमशिफ्टने परत आणली आणि मग मला फोन करून सांगितले.